वाघीण बांगलादेशात गेली तेव्हा

आमच्या घरात वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. रेल्वेतल्या जुन्या मराठी माणसांनी इंग्रजी वॅगनची कधीतरी वाघीण करून टाकली आणि तीच पुढे चालली. बाबा उज्जैनच्या मालधक्क्यावरच्या ऑफिसात होते, त्यामुळे जेवताना ताटाभोवती वाघिणीच वाघिणी. "आज एक वाघीण सिक झाली" असं ते म्हणाले की आई भात वाढता वाढता "अरेरे" म्हणायची, कुणाच्या पोराला ताप आल्यासारखं. सिक म्हणजे नादुरुस्त, एवढं साधं. पण शेजारच्या भाभींच्या कानावर हे सारखं पडायचं आणि त्या एकदा न राहवून आईला म्हणाल्या होत्या, "भाभीजी, आपके यहाँ रोज़ बाघिन बीमार पड़ती है क्या?"

बाबांचं काम वाट ठरवण्याचं. माल चढला की तो कुठून कुठे कसा जाणार, हे कागदावर लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं, नव्हतं. आपली रेल्वे एक, असं आपल्याला वाटतं. बाबांच्या लेखी ती एकत्र कुटुंबातल्या सुनांसारखी होती, प्रत्येकीची चूल वेगळी. उज्जैन पश्चिम रेल्वेत. भोपाळकडे गेलं की मध्य रेल्वे लागली. पुण्याच्या खाली मिरजेच्या अंगाला वळलं की त्या काळी दक्षिण मध्य रेल्वे. हद्द आली की एकीनं वाघीण दुसरीच्या हवाली करायची, दुसरीनं नाक मुरडत ती घ्यायची, आणि नको असेल तर पुढे ढकलायची. सोयाबीनचे कारखाने नवे नवे निघाले होते आणि त्यांची पेंड पार बांगलादेशात जायला लागली होती. तिथे तर देशाचीच हद्द. बंगालच्या टोकाला आपलं शेवटचं स्टेशन, पुढे दुसऱ्या देशाचं इंजिन, दुसऱ्या देशाचे बाबू. "गेलेल्या सगळ्याच वेळेवर परत येतात असं नाही हां," बाबा मिशीत हसत सांगायचे, "एखादी रमते तिकडे."

या कामामुळे त्यांना एक खोडच लागली होती. कुठलीही गोष्ट सरळ सांगायची नाही. आईची साडी आवडली तर ते मला म्हणणार, "तुझ्या आईला तो रंग बरा दिसतो." माझ्या सासरी काही निरोप द्यायचा तर तो मामांमार्फत. आई वैतागून म्हणायची, "या माणसाचं सगळं व्हाया. लग्नाला होकारसुद्धा व्हाया आत्याबाई दिला होता यांनी." आम्ही हसायचो. बाबाही हसायचे, पण सुधारले काही नाहीत.

आता आईचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्या एका हट्टावर उभं आहे. बाबा मिरजेजवळच्या गावातले, नोकरीसाठी इकडे आलेले. आई मात्र अस्सल उज्जैनची. तिचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या चाकरीत इकडे आले आणि इथेच रुजले. तिची मराठी अर्धी हिंदी. "मुझे क्या करना है" हे ती देवाला हात जोडतानाही म्हणायची. रामघाटावरचे पंडे तिला माहेरच्या नावानं ओळखायचे, भैरवगढचे कापड छापणारे छिपे तिच्यासाठी चादरींचे नवे छापे बाजूला काढून ठेवायचे. महाराष्ट्र हा तिला परमुलूख. मिरजेला ती एकूण आयुष्यात मोजक्या वेळा गेली असेल, आणि दरवेळी परत येऊन म्हणाली, "तिथलं पाणी काही मला मानवत नाही. आणि ते लोक 'हाय की' काय म्हणतात, भांडतायत की बोलतायत कळतच नाही."

आणि बाबांनी उभी नोकरी एकाच आशेवर काढली होती: निवृत्त झालो की गावी जाऊ. तिथे त्यांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. निवृत्तीचं वर्ष आलं, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी येते. पण माझं घर आधी तिथे पोचू द्या. खाट, कपाट, मशीन, भांडी, सगळं. ते लागलं की मला बोलवा. रिकाम्या भिंतींमध्ये मी पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते." बाबा म्हणाले, "बरं." आईनं मला म्हटलं, "त्यांना विचार, कबूल आहे ना?" म्हणजे खोड तिलाही लागलेली होतीच.

रेल्वेच्या माणसाला निवृत्त होताना घरसामानासाठी एक वाघीण मिळायची. हक्काची. माझे यजमान म्हणाले, "बाबा, ट्रक करा ना. इथून उचलेल, तिथे दारात उतरवेल." बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी एखादी घाणेरडी शिवीच दिली होती. "जावईबापू, रेल्वेचा माणूस ट्रकनं जाणार? माझं घर माझ्या रेल्वेतनं जाईल." मी भडकले. कारण तेच तर महिनोन्‌महिने आमच्यासमोर कण्हत होते की नवं धोरण आलंय, रेल्वेला आता अख्खी गाडी भरणारं गिऱ्हाईक हवं, कोळसा, सिमेंट, पेंड, इथे भरली की थेट तिथे रिकामी. एकट्यादुकट्या वाघिणीला कुणी विचारत नाही, जिथे त्या वेगळ्या करून जोडायचे ती यार्डं बंद व्हायला लागलीयेत. हे सगळं ज्याला तोंडपाठ तोच माणूस स्वतःचं अख्खं बिऱ्हाड एकट्या वाघिणीत घालणार! मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच तर सांगता ना?" ते म्हणाले, "वाट मी ठरवलीये. भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज. माझ्या वाटेनं गेलेली वाघीण आजवर चुकलेली नाही." कपाळ माझं!

आईनं मात्र सामान मन लावून बांधलं. आरशाचं कपाट गाद्यांमध्ये, पितळेची भांडी भैरवगढच्या चादरींत. मशीनचं पायडल तिनं स्वतःच्या जुन्या शालूत गुंडाळलं, मी ओरडले तर म्हणाली, "मशीन शालूपेक्षा कामाची आहे." धक्क्यावर वाघिणीचं दार ओढलं, सील लावलं. सगळे निघाले तरी आई उभीच. मग तिनं त्या लोखंडावर थाप मारली आणि म्हणाली, "नीट जा गं." हमाल हसले. मला हसू आलं नाही.

बाबा सामान उतरवून घ्यायला पुढे गेले. आई उज्जैनमध्येच, आमच्याकडे नानाखेड्याला राहिली. आमच्याकडे नुकताच फोन आला होता. बाबा दर रविवारी दुपारी तिकडच्या पीसीओवरून फोन करायचे. आई जेवण उरकून, केस नीट करून फोनजवळ बसायची. फोनवर कुणाला केस दिसतात? पण बसायची.

आधी कळलं, वाघीण भुसावळला थांबलीये. मग कळलं, सिक झाली. चाकाचा आस तापला म्हणून गाडीतून काढून बाजूच्या रुळावर टाकली. आई घाबरली. "आतलं सामान?" बाबा म्हणाले, "सामानाला काय होतंय, सील आहे." पावसाळा सुरू होता. भुसावळचे साहेब बाबांच्या ओळखीचे होते ते बदलून गेलेले, नवे साहेब गाड्यांच्या मागे. एकट्या वाघिणीसाठी कोण उठतो? बाबा दोनदा स्वतः भुसावळला जाऊन आले. त्यानंतरच्या रविवारी त्यांचा आवाज वेगळाच लागला, घसा बसल्यासारखा. म्हणाले, "वाघीण तिथे नाही. चुकून नागपूरच्या गाडीला लागली."

आणि मग सुरू झाली ती यात्रा.

नागपूरहून ती बिलासपूरला गेली. म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वेत. तिथे कागद वेगळे झाले, वाघीण वेगळी. कागद नसलेल्या वाघिणीला रेल्वेत वाली नसतो, बाबा म्हणाले, जो तो आपल्या हद्दीतून बाहेर ढकलतो. ढकलत ढकलत ती खडगपूरला. आईनं टाइमटेबलमधला रेल्वेचा नकाशा काढून टेबलावर पसरला. फोन ठेवला की ती त्यावर बोट ठेवायची. "इथे आहे आत्ता माझं घर," ती माझ्या लेकीला दाखवायची. मग एक रविवार असा आला की फोनवर आईचा आ वासलेलाच राहिला. वाघीण पेंडेच्या गाडीत जोडली गेली आणि सरहद्द ओलांडून बांगलादेशात गेली होती.

"अगं, माझं कपाट बांगलादेशात!" आई एकदम ओरडली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, तर हसत होती. मग रडलीही. रेल्वे कॉलनीत बातमी पसरली. जुन्या शेजारच्या भाभी मुद्दाम रिक्षा करून आल्या: "भाभीजी, सुना है आपकी बाघिन विदेश चली गई!" आईनं त्यांना चहा पाजला आणि बाबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं: तिकडे इंजिन बदलतं, डबे रिकामे झाले की परत सोडतात, पण आपल्या वाघिणीत पेंड नाही, भांडी आहेत, म्हणून तिकडचे बाबू डोकं खाजवत बसलेत. मला हे सगळं खरंच वाटलं. का वाटू नये? सांगणारा माणूस कोण होता! माझे यजमान एकदा नुसतं "हं" म्हणाले, तर मी त्यांच्यावर डाफरले.

त्या दिवसांत आई बदलायला लागली. तिचं तिलाही कळत नसावं. घर इतकं फिरतंय आणि आपण इथे लेकीच्या घरी पाहुण्यासारख्या, हे तिला टोचायला लागलं. नकाशावरचं बोट वाघिणीवरून सरकून मिरजेवर थांबायला लागलं. "जेवतात तरी काय ते?" असं ती भाजी निवडताना मधेच विचारायची. "डाळ तरी धड शिजवता येते का त्यांना?" घाटावर जाणं कमी झालं. एकदा तर तिनं मला विचारलं, "हाय की म्हणजे काय गं? आहेच, असं ना?" मी म्हटलं हो. ती स्वतःशीच दोन-तीनदा म्हणाली, "हाय की. हाय की."

वाघीण परत भारतात आली. आसनसोल, मग खाली विजयवाडा, मग वाडी. थंडी पडायला लागली होती. वाघीण सोलापूरला असल्याचं बाबांनी सांगितलं त्या रविवारी आईनं फोन घट्ट धरला आणि मधे कुणाला न घालता, सरळ, ती म्हणाली, "अहो, राहू द्या ती वाघीण. यायची तेव्हा येईल. मी अशीच येते. सतरंजीवर झोपू."

  पलीकडून बाबांचा आवाज, मला बाजूला बसूनही ऐकू आला: "नको, नको. आता अगदी जवळ आलीये. दौंडला येतेच आहे. तू म्हणाली होतीस ना, घर लागल्याशिवाय नाही. एवढी थांबलीस, अजून थोडी थांब. मी सगळं लावतो, मग तू ये."

आईनं फोन ठेवला. "बघितलंस? मी सरळ बोलले तर ऐकत नाहीत," असं म्हणून ती गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मधल्याच दिवशी आला, सकाळी, परक्या माणसाचा. बाबा बाजारातून येताना रस्त्यातच बसले, मग आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

लेकीला सासूबाईंकडे ठेवून आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो.  भुसावळला गाडी थांबली तेव्हा आईनं खिडकीची काच वर केली आणि लांबपर्यंत उभ्या असलेल्या मालडब्यांकडे बघत राहिली. मी "आई, वारं लागतंय" म्हटलं, तरी काच खाली केली नाही. गावी पोचल्यावर जे करायचं ते चुलतभावांनी केलं. मग संध्याकाळच्या आत त्यांनी आम्हाला घराची किल्ली दिली.

दार उघडलं. घर लागलेलं होतं. समोरच्या भिंतीला आरशाचं कपाट. खिडकीपाशी शिवणयंत्र. आतल्या खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर लाल-काळ्या छाप्याची चादर. फळीवर पितळेचे डबे, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आमच्या क्वार्टरमध्ये असायचे तसेच. मी म्हटलं, "आई, अगं, पोचली की वाघीण!"  आईनं कपाटाच्या दारावरून हात फिरवला. चादरीचं टोक उचललं, उलटं करून पाहिलं आणि सोडून दिलं. शिवणयंत्राचं चाक एकदा फिरवलं.

"यातलं एकही माझं नाही," ती म्हणाली.

शेजारच्या मावशी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनीच सांगितलं. "वाघीण कवाच आली की हो. गणपतीच्या आधीच. बाबाच भुसावळातनं हुडकून मागं लागून घेऊन आलं. पर दार मोडल्यालं. निम्मं सामान कुनी उचललं, निम्मं पावसानं कुजलं. बाबा तिथं धक्क्यावरच मटकन खाली बसलं बगा. मला म्हनलं, मावशी, आमच्या घरात कळता कामा नये. तिला शब्द दिलाय." मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ते पडलेलं होतं: फुगून फुटलेली फळकुटं, गंजलेलं पायडल, बुरशी चढलेल्या गाद्या. "आनी मग दर बाजारच्या दिवशी जुन्या सामानाच्या दुकानात जायचं. हे नको, तसलंच पायजे, म्हनायचं. आरसा तेवढा घ्यायचा राहिला हुता. त्या दिवशी त्योच बगायला गेलं हुतं." मी वळून पाहिलं. कपाटाच्या दारात आरसा नव्हता, आरशाच्या मापाची रिकामी चौकट होती. आल्या आल्या माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला इतका राग आला की मी अंगणात जाऊन त्या ताडपत्रीला लाथ मारली. बिलासपूर! खडगपूर! बांगलादेश! अहो बाबा, बांगलादेश! इकडे एक बाई नकाशावर बोट फिरवतेय आणि हा माणूस पीसीओच्या खोक्यात उभा राहून एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत तिचं घर फिरवतोय, म्हणजे तेवढ्यात आणखी एक डबा मिळेल, आणखी एक खाट मिळेल. आणि ती "अशीच येते" म्हणाली तेव्हाही! तेव्हा तर सांगायचं! मी तिथे उभी राहून मोठमोठ्यानं रडले, आणि मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. आई मात्र आत खाटेवर बसून होती.

तेरावा झाला. आमची परतीची तिकिटं काढलेली होती, आईचंही. माझी शाळेतली नोकरी होती, यांचं ऑफिस होतं. मी बॅगा भरल्या. आईची बॅग उघडली तर रिकामी. तिच्या साड्या त्या कपाटात लावलेल्या होत्या. मी म्हटलं, "हे काय? चल, गाडी चुकेल." ती म्हणाली, "मी नाही येत." मी समजावलं. एकटी कशी राहशील, इथे तुझं कोण आहे, इथलं पाणीसुद्धा तुला मानवत नाही. हे म्हणाले, "आई, थोडे दिवस चला, मग बघू." ती ऐकेना. मग माझं डोकं फिरलं आणि मी नको ते बोलले, की ज्या घरासाठी थांबलीस ते हे घर नाहीच, यातली एक वस्तू तुझी नाही, तू स्वतःच म्हणालीस.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी येते म्हणाले, तेव्हा त्यांनी येऊ दिलं नाही," ती म्हणाली. "आता आले आहे, तर तू घालवतेस होय?"

मी आणि हे, आम्ही दोघंच उज्जैनला परतलो.